पिशवी गाडीतच

पहिलं वर्षभर मी पिशवी घेऊन जायचे.
तिच्यात रंगीत कड्या, घुंगराचा चेंडू,
आणि पोट दाबलं की हंबरणारी गाय.
झुल्मिरा दार उघडायची तेव्हा
फरशी पुसून लख्ख, मुलगा न्हाऊन तयार,
आणि ती स्वतः चौकटीला टेकून उभी,
दवाखान्यात नाव पुकारायची वाट बघतात तशी.

तोमे सव्वीस महिन्यांचा.
बसवला तर बसतो. हातात धरलेलं सोडत नाही.
सोडणं हेसुद्धा शिकावं लागतं,
हे मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं.
कडी मुठीत अडकली की त्याची बोटं
मी एकेक करून उकलायचे,
आणि तो माझ्याकडे असा बघायचा
की मीच काहीतरी हिसकावून घेतेय.
खरं तर घेतच होते.

बाप लक्झेंबर्गात भिंतींना गिलावा देतो.
फोनच्या काचेत आदेरितोच्या भुवयांवर पांढरी धूळ.
"चालेल कधी?"
या प्रश्नाचं उत्तर न देण्याचे नऊ प्रकार मला येतात.
त्यातले दोन वापरले.

मी निघाले की पिशवीही निघायची.
ब्रागान्साचा घाट उतरताना
प्रत्येक खड्ड्यात मागच्या सीटवर गाय हंबरायची.

एर्मेलिंदा आमच्यातली सगळ्यात जुनी,
निवृत्तीला चार महिने उरलेली.
म्हणाली, "पिशवी गाडीतच ठेव."
"मग मी करू काय?"
"विचार तिला, उठल्यापासून ती काय काय करते.
आणि मग गप्प बस. जमेल?"

रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना.
मांडीखाली घेऊन बसले.
"कोंबड्या," झुल्मिरा म्हणाली. "मग कोबीला पाणी. मग भांडी."
"तेव्हा तोमे?"
"खुर्चीत." थोड्या वेळाने, खालच्या आवाजात,
"बांधलेला. पडू नये म्हणून."
पाद्र्यापुढे सांगावं तसं सांगितलं तिने.
मी म्हटलं, उद्या कोंबड्यांकडे तोही येऊ दे.
एवढंच म्हटलं. बाकीचं गिळलं.

मग जानेवारीतला बर्फ.
तीन आठवडे रस्ता बंद.
तक्त्यात तीनदा लिहिलं: भेट झाली नाही.
तीन तास बुडाले, असा हिशोब केला मी,
जणू मूल आठवड्यातून एकच तास वाढतं.

चौथ्या आठवड्यात दार कुणी उघडलं नाही.
फरशीवर चिखलाची पावलं. मागून आवाज.
खुराड्यात वाकून शिरले, तर
चेस्टनटच्या फळ्यांच्या खोक्याला पोट टेकवून
तोमे उभा.
बूट उलटसुलट. केसांत गवत.
एक हात खोक्यावर, दुसऱ्यात अंडं.
माझ्याकडे बघितलं त्याने. विचार केला.
आणि बोटं उघडली.

आवाज अगदी छोटा झाला.
बलक आईच्या बुटावर.
ती रागावली नाही, शाबासही म्हणाली नाही.
दुसरं अंडं उचललं, दोन्ही हातांची बोटं
टोकाला टोक लावून दाखवली,
मीच शिकवलेली खूण,
आणि थांबली.

किती थांबली!
मी असते तर तीनदा बोलले असते.
एक कोंबडी येऊन बलकात चोच मारून गेली.
तोमेने मूठ वळली, खोक्याच्या फळीवर आपटली,
एकदा. परत एकदा.
"आणखी?" झुल्मिरा म्हणाली. "घे."

त्या सकाळी पाच फुटली.
"रोज?" मी विचारलं.
"रोज. आदेरितोला सांगू नका,
अंडी विकतो आम्ही."

चालेल कधी, ते अजून मला माहीत नाही.

पहिल्या वळणावर गाडी थांबवून
तक्ता स्टिअरिंगवर धरला.
'वापरलेली साधनं' या रकान्यात लिहिलं: अंडी.
'कुणी वापरली' असा रकानाच नव्हता,
समासात तिचं नाव लिहिलं, आडनावासकट.
गिअर टाकला. खड्डा आला.
मागे गाय हंबरली.
म्हटलं, तू गप्प बस.